गालावरची राख

आटपाट नगराच्या पुष्कळ अलीकडे, रस्ता संपून पळसाचं रान सुरू होतं तिथे, एक इवलंसं खोपटं होतं. त्यात बकुळा नावाची मुलगी राहायची. ती पाळण्यात होती तेव्हाच तिची आई देवाघरी गेली, आणि वडील मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने परमुलखात असायचे. घरात होती फक्त हौसामावशी, म्हणजे बकुळाची सावत्र आई. पळसाची पानं बांबूच्या चोयांनी टाचून दोघी पत्रावळी लावायच्या, त्यावरच पोट भरायच्या. कधी भाकरीबरोबर भाजी असायची, कधी नुसतं मीठ.

रोज सकाळी हौसामावशी बकुळाला पुढ्यात घेऊन बसायची. चोया टोचून खरखरीत झालेल्या बोटांनी तिच्या डोक्याला तेल चोपडायची, घट्ट वेणी घालायची आणि वेणीत रानजाईचं फूल खोवायची. मग बकुळा छोटीशी कळशी घेऊन विहिरीवर निघायची.

आता पुढचं ऐकताना बकुळाला हसू नका, ती स्वतःच पुढे पुष्कळ ओशाळली आहे. वाटेत एक म्हातारा वड होता. त्याच्या आड गेली की ती वेणी सोडायची, केस विस्कटायची आणि पानाच्या पुरचुंडीतली चुलीतली राख गालाला फासायची.

झालं होतं असं, की एकदा वाऱ्याने तिची वेणी सुटली होती आणि विहिरीवरची चंद्राकाकू म्हणाली होती, "सावत्र ती सावत्रच. पोरीचे केससुद्धा विंचरत नाही मेली." असं म्हणून काकूने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. 'तसं नाही हो काकू' म्हणायला बकुळाने तोंड उघडलं, आणि आधी गूळच तोंडात गेला. तेव्हापासून कुणी गूळ द्यायचं, कुणी खोबरं, कुणी नुसताच डोक्यावरून हात फिरवायचं. बकुळा खोटा शब्द एकही बोलायची नाही. फक्त मान खाली घालायची. उरलेलं बायका आपणच रचायच्या, कारण सावत्र आई कशी असते ते गोष्टी ऐकून ऐकून सगळ्यांना तोंडपाठ होतं.

एके सकाळी वडाआड तिला बारीकसं हुंदके दिल्यासारखं ऐकू आलं. कोळ्याच्या जाळ्यात बोटाएवढं काहीतरी अडकलं होतं. त्याचे इटुकले पंख गुलाबी होते, कडेला निळी झाक होती. बकुळाने श्वास रोखून एकेक तंतू सोडवला, कोळ्यालाही धक्का लागू दिला नाही. शेवटचा तंतू सुटला आणि वडाखाली चांदण्यासारखा उजेड पसरला. समोर एक परी उभी होती.

"तुझ्यासारखीलाच शोधत होते मी," परी गोड आवाजात म्हणाली. "विस्कटलेले केस, गालाला राख, घरी सावत्र आई, आणि मन लोण्यासारखं. अगदी गोष्टीतली पोर आहेस. तीन इच्छा माग. नियम मात्र फार जुना आहे. तुला जे मिळेल, ते तुला छळणारीच्या वाट्यातून जाईल. आणि तिसरी इच्छा पुरी झाली की ती स्वतःच नाहीशी होईल. तशीच संपते गोष्ट."

मला कुणी छळत नाही, एवढंच बकुळाला सांगायचं होतं. पण मग वेणी का सोडली तेही सांगावं लागलं असतं. शिवाय डोळ्यांपुढे एक परकर झुलायला लागला होता. छळणारी कुणी नाहीच, तर जाणार कुणाचं, असं तिने मनाला समजावलं आणि पुटपुटली, "परकर हवा."

मोरपंखी रेशमी परकर, जरीचे काठ, काठांवर इवलाले मोर. ती झुळझुळत घरी आली, तर हौसामावशी ट्रंकेपुढे बसली होती. तिचं एकुलतं एक लग्नातलं लुगडं हातात घेताच विरून चिंध्या होत होतं. बकुळाला पाहून तिने चिंध्या बाजूला सारल्या. "कुणी दिला गं? किती शोभतोय तुला," ती म्हणाली. बकुळा परकराचे काठ चाचपत राहिली. उंदरांनी कुरतडलं असेल लुगडं, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या सकाळी तिने गुडघ्यापर्यंत केस मागितले. काळेभोर, दाट केस पाठीवरून ओघळले. परी म्हणाली, "उद्या तिसरी इच्छा. मागितली नाहीस तरी गोष्ट मी संपवणारच. अर्धवट ठेवता येत नाही."

ती घरी आली. हौसामावशीने डोक्यावर पदर घट्ट लपेटला होता. पदराखाली एकही केस नव्हता.

"मावशी, तुझे केस?"

"गळले बाई सकाळी. काय झालं कोण जाणे. असू दे, मला कुठे मिरवायचंय? तुझे बघ किती सुंदर झालेत. वाऱ्याने सुटले वाटतं? बस, वेणी घालते."

आणि ती वेणी घालायला बसली. एवढ्या केसांना तेल पुरेना, म्हणून दिव्यासाठी ठेवलेलंही तिने आणलं. ती खरखरीत बोटं डोक्यावरून फिरत राहिली आणि बकुळाला लाजेने जीव नकोसा झाला. तिला मागे वळून मावशीकडे बघता येईना. वेणी होताच ती उठली आणि धावत सुटली.

वडाखाली परीने तिला ओळखलंच नाही. "तू कुणाची गं? इथे एक विस्कटलेली मुलगी येते."

"ती मीच," बकुळा म्हणाली. तिने पुरचुंडी पुढे केली. "वेणी मीच सोडते. राखही मीच लावते. मावशी मला छळत नाही. तिला नाहीशी करू नका."

परीने पुरचुंडीतली राख बोटाला लावून पाहिली. "नियम माझ्या शब्दाने बदलत नाही," ती हळूच म्हणाली. "खोटं जिथे रुजलं, तिथेच जाऊन ते उपटावं लागतं. आणि गेलेलं भरून द्यायचं तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यावं लागतं."

"माझ्याकडून घ्या."

विहिरीवर सगळ्या बायका होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं बकुळाला वाटलं. चंद्राकाकूने गूळ पुढे केला. बकुळाने हात मागे घेतला.

"काकू, माझी वेणी मावशी रोज घालते. मी वडाआड जाऊन सोडते. गूळ मिळतो म्हणून."

राहाट थांबला. ती बोलत असतानाच लांबसडक केस धुक्यासारखे विरले, परकराचा पुन्हा जुनाच ठिगळांचा परकर झाला. बोडक्या डोक्याची बकुळा सगळ्यांसमोर उभी राहिली. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. पण चंद्राकाकूनेच मान खाली घातली. "आम्ही तरी कधी विचारलं हौसाला?" ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत तिला बस म्हणून कुणी म्हटलं नाही."

परत येताना वडाखाली परी पंख मिटून बसली होती. तिचे डोळे भरले होते. "मीही विचारलं नाही गं," ती म्हणाली. "सावत्र म्हटलं की मी पुढचं ऐकतच नव्हते. किती घरच्या आयांना नाहीसं केलं मी. आता ते निस्तरायला मलाही दारोदार जायचंय. जाण्याआधी एवढं सांग, खरं बोललीस त्याचं बक्षीस काय देऊ? हे कुणाच्या वाट्यातलं जाणार नाही. माझ्याकडचं आहे."

बकुळा म्हणाली, "मावशीच्या बोटांना चोया टोचू नयेत."

परी हसली. पंख उघडताच गुलाबी, निळा, सोनेरी असा उजेड रानभर झाला, पळसाचं पान न् पान लखलखलं, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली. म्हणतात, त्या दिवशी दूरदूरच्या कितीतरी दारांवर हलकीच टकटक झाली.

बकुळा घरी आली. हौसामावशीचे केस पाठीवर आले होते, ट्रंकेतलं लुगडं पुन्हा धड झालं होतं आणि ती आपली मऊमऊ बोटं पुन्हापुन्हा निरखत होती. बकुळाने तिला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मावशीला लागलं होतं, आणि ते तिने लपवलंही नाही. ती पाठ फिरवून पत्रावळी लावत बसली.

दुसऱ्या दिवशी बकुळा कोपऱ्यात अंग चोरून बसून होती. मावशीने तेलाची वाटी घेतली, फणी घेतली आणि नेहमीच्या जागी येऊन बसली.

"मला आता केस नाहीत," बकुळा म्हणाली.

"येतील की. तोवर तेल तरी लावू दे," मावशी म्हणाली. "ये, बस पुढ्यात."