गिटारमधली सनई

इंगवले अण्णांच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळवायला शलाका चौगुले आली, ती गिटार आणि लॅपटॉप घेऊन. तिने तार छेडली आणि स्पीकरमधून चक्क सनई वाजली. वादक खूश झाले, पण अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पूर्वी एका गायकाने कॅसेट लावून नुसते ओठ हलवले होते, ते अण्णा अजून विसरले नव्हते. शिवाय गिटारमधून सनई काढायची तर पायाशी खास यंत्रच लागतं, असं त्यांचं ठाम मत. तसं परदेशी यंत्र त्यांच्याकडे होतं ना!

त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या.

"यंत्र कुठंय? सनई लॅपटॉपमध्ये घरूनच भरून आणलीस ना?"

"नाही अण्णा. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर तारेचा सूर ओळखतं आणि तोच सनईत वाजवतं. तुम्हीच वाजवून बघा की!"

अण्णांनी ऐटीत गिटार गळ्यात अडकवली आणि भूप सुरू केला. तिसऱ्याच सुराला बोट घसरलं, आणि सनई सगळ्यांदेखत बेसूर किंचाळली.

शलाकाने नम्रपणे विचारलं, "अण्णा, ही चूकसुद्धा मी घरूनच भरून आणली होती का?"