हैबतीची गाठ आणि ओलमाळाचं गवत

एका गावात एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी "जरा थांब" म्हणालं की तो थांबायचा आणि थोड्या वेळानं विचारायचा, "जरा झालं का?" नाव त्याचं हैबती. पण त्याची हैबत कुणी खात नसे. गावातल्या कोंबड्यासुद्धा त्याच्या पायावर उभ्या राहून दाणे टिपायच्या.

हैबतीच्या घरात दोघीजणी. एक बायको सगुणा आणि दुसरी हरणी. हरणी म्हणजे गाय, पण हे हैबतीला सांगायची सोय नव्हती.

गावाच्या खालच्या अंगाला एक माळ होता. त्याला म्हणायचे ओलमाळ. पूर्वी तिथं पावसाळाभर घोट्याएवढं पाणी साचायचं आणि त्यात कमरेएवढं गवत उभं राहायचं. मारवेल काय, पवना काय, काठानं लव्हाळा काय. गावची गुरं खाऊन खाऊन थकायची, गवत थकायचं नाही. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, एवढी जमीन नुसती गवताला कशाला? चर खणून पाणी ओढ्याला काढून दिलं, माळावर नांगर घातला, सोयाबीन पेरलं. तीन वर्षं पेरलं आणि तिन्ही वर्षं पिवळं पडलं. शेवटी जमीन पडीक टाकली. तिच्यावर गाजरगवत माजलं. ते गाय खात नाही, शेळी खात नाही, माणसं तेवढी शिंकतात.

चारा नाही म्हणून हरणीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. एक दिवस सगुणा जेवताना म्हणाली, "अवो, दसऱ्यापतूर माळावर गवत दिसलं न्हाई, तर हरणीला माझ्या भावाकडं धाडायची. दिनकरकडं ऊस हाय. शेंड्याचं हिरवं वाढं खाऊन जगंल तरी."

हैबतीनं हातातला घास ताटात ठेवला. हरणीशिवाय घर ही कल्पनाच त्याला करता येईना.

गावानंही ठरवलं होतं, की ओलमाळ पुन्हा ओला करायचा. गावात सोनाक्का नावाची म्हातारी होती. तिला गवतं अशी ओळखू यायची, जशी आपल्याला भावकी ओळखू येते. बांधाबांधानं हिंडून तिनं तीन वर्षांत जुन्या गवताचं दोन गाडगी बी जमवलं होतं. बी तयार होतं, राखणीला माणूस नव्हता. शहाजी सरपंचांनी चावडीवर विचारलं, तेव्हा ज्याला त्याला आपापलं काम आठवलं. हैबती तेवढा उभा राहिला.

"म्या राखतो. हरणीचा सवाल हाय."

"सांगितलेलं ध्यानात ऱ्हाईल का रं तुझ्या?" सोनाक्का म्हणाली.

"गाठ मारतो की, आक्का."

आणि त्यानं खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला हात घातला. ही त्याची रीत. काही सांगितलं की उपरण्याला गाठ मारायची. पण गाठ एकच. नवी मारायची तर जुनी सोडायची. दोन गाठी झाल्या तर कुठली कशाची ते कसं कळणार, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते काही चूक नव्हतं.

सोनाक्का म्हणाली, "माळावर जे भायेरनं आलंय ते मुळासकट उपट. आपल्या मातीतलं हाय त्येला हात लावू नगं."

हैबतीनं गाठ मारली आणि माळावर गेला. समोर गाजरगवत. त्यानं त्याच्याकडं प्रेमानं बघितलं. लहानपणी ह्याच्यातच लपाछपी खेळलो, हे तर आपलंच. मग त्याला पाटी दिसली. 'ओलमाळ गवत राखीव', अशी मोठी पाटी, परवाच तालुक्याहून आलेली. आणि हद्दीचे सोळा खांब, ते तर वखारीतून टेम्पोत बसून आलेले. हैबतीनं बाह्या सावरल्या. दिवस मावळेपर्यंत सोळा खांब आणि पाटी मुळासकट उपटली. पाटीचं मूळ सिमिटाचं होतं, ते निघता निघेना. मध्येच शाळेचे गुरुजी माळ बघायला आले. गुरुजी सांगलीकडचे. हैबतीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण मुळं दिसली नाहीत म्हणून सोडून दिलं.

सरपंचांनी कपाळाला हात लावला. "आरं शाण्या, एकदा रोवलेलं हलवायचं नसतं. रोवलं की रोवलं. मग कुणी काय बी म्हणू दे."

हैबतीनं जुनी गाठ सोडली, नवी मारली. खांब पुन्हा रोवले. गाजरगवत गावातल्या बायांनी चार दिवसांत उपटलं. चराच्या तोंडाशी दगडमातीचा बांध घातला. पावसानं जोर धरला आणि कित्येक वर्षांनी ओलमाळावर पाणी उभं राहिलं.

ते बघायला शहाजी सरपंच नवे बूट घालून आले. बांधावर उभं राहून बघितलं असतं तर भागलं असतं. पण सरपंच माणूस, तो मधोमध जाणार. दहा पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. पाय निघेना.

"हैबती, हात दे रं."

हैबती आला. सरपंचांभोवती एक फेरी मारली. वाकून बघितलं.

"चांगलं खोल रोवलंय, सरपंच."

"आरं, बघतोस काय? वर काढ मला."

"रोवलेलं हलवायचं न्हाई. तुमीच सांगितलंय."

"आता मीच सांगतोय न्हवं, काढ म्हणून."

"कुणी काय बी म्हणू दे, असं बी तुमीच म्हणाला हुता."

शेळ्यांनी शेंडा खाऊ नये म्हणून हैबतीनं बाभळीच्या फांद्या आणून सरपंचांभोवती कुंपण केलं. मग एक तांब्या पाणी आणून त्यांच्या बुडाशी घातलं. सगुणा भाकरी घेऊन आली म्हणून बरं. तिनं चार माणसं बोलावून सरपंचांना उपसून काढलं. एक बूट आतच राहिला, तो अजून आहे.

सरपंच चिखल निपटत म्हणाले, "ध्यानात धर. काय बी अडकलेलं दिसलं की आधी मोकळं करायचं. इचारत बसायचं न्हाई."

हैबतीनं गाठ सोडली, गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो बांधापाशी गेला. बघतो तर काय, माळाचं सगळं पाणी बांधाला येऊन टेकलेलं. दगडांना ढुशा देतंय, मागं जातंय, परत येतंय. पलीकडं ओढा दिसतोय आणि जाता येत नाही. हैबतीला भरून आलं. "बिचारं अडकलंय," म्हणाला. कुणाला विचारत बसला नाही. एकेक दगड काढून पाण्याला वाट करून दिली. पाणी खळाळत निघालं, तसा तो काठानं थोडं अंतर पोचवायलाही गेला.

दुपारी ओलमाळावर नुसता चिखल होता आणि चिखलात बेडूक एकमेकांकडं बघत होते.

सोनाक्का आली आणि मटकन खालीच बसली. "हैबत्या," ती म्हणाली, "समदं ह्या पाण्यासाठी तर चाललंय. पाणी न्हाई तर गवत न्हाई. माळावरनं जे जाया लागलं ते जाऊ द्यायचं न्हाई. आडवायचं. एवढं कर बाबा."

हैबतीनं गाठ सोडली, नवी मारली.

संध्याकाळी सगुणानं ऐकलं. दारात बसली आणि नवं दावं वळायला घेतलं. दावं कशासाठी ते हैबतीला न सांगता कळलं. हरणी त्याचा खांदा चाटत होती आणि त्याला रडू येत होतं.

गावानं बांध पुन्हा घातला. चिखल मऊ होता, तेवढ्यात सोनाक्कानं दोन्ही गाडग्यांतलं बी माळभर फेकलं. शेवटी गाडगं पालथं करून हैबतीला दाखवलं. "आता माझ्यापाशी दाणा न्हाई. हे गेलं की गेलं."

दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीच्या नाथाच्या बारा म्हशींना चिखलाचा वास आला. त्या रांगेनं आल्या. हैबतीनं बाजूला होऊन त्यांना वाट दिली, कारण त्या येत होत्या, जात नव्हत्या. म्हशी पोटभर लोळल्या. दुपारी घरी जायला वळल्या, तसा हैबती काठी आडवी धरून उभा राहिला. म्हशी मागं फिरल्या. दुसरीकडून निघाल्या, हैबती तिकडं हजर. असं माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचं येणंजाणं सुरू झालं.

नाथा धावत आला. "सोड माझ्या म्हशी."

"जायाला मनाई हाय. यायला न्हाई."

नाथा रागानं आत शिरला, म्हशी हाकू लागला. मग त्यालाही जाता येईना. तेवढ्यात शहाजी सरपंच आले. ह्या खेपेला अनवाणी. तेही नाथाला सोडवायला आत शिरले. एकदा फसला म्हणून सरपंच शहाणा होतो असं थोडंच आहे.

शेवटी सोनाक्का आली. ती मात्र बांधावरच थांबली.

"आत किती जण, हैबत्या?"

"बारा म्हशी, येक नाथा आन् येक सरपंच. कुणाला जाऊ दिलं न्हाई, आक्का."

"आता जाऊ दे."

"मग ह्या गाठीचं काय करू?"

"सोड ती."

हैबतीनं गाठ सोडली. त्याबरोबर चौदा जण माळावरून बाहेर पडले. माळाकडं बघवत नव्हतं. हातभर जागा अशी नव्हती जिथं खुर उमटला नव्हता, आणि बियाचा एक दाणा वर दिसत नव्हता. सोनाक्कानं कपाळ बडवलं. सगुणाचं दावं वळून झालं होतं, तिनं ते खुंटीला अडकवलं.

आणि मग, बरं का, पंधरा दिवसांनी एका सकाळी सोनाक्का माळावर गेली आणि तिथंच उभी राहिली. प्रत्येक खुराच्या खळगीत थोडं पाणी होतं आणि पाण्याच्या कडेनं हिरवी लव फुटली होती. बी वर राहिलं असतं तर चिमण्यांनी टिपलं असतं. ते म्हशींनी चिखलात दाबलं होतं, वर शेणही टाकलं होतं. चार गड्यांनी महिनाभर राबून जमलं नसतं ते बारा म्हशींनी दुपारभरात केलं होतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, त्यातली गत. गाव हैबतीला हुशार म्हणायला लागलं. हैबतीला का ते कळलं नाही, पण त्यानं वादही घातला नाही.

भादव्यात गवत गुडघ्याला आलं. नवरात्रात कमरेला लागलं. टिटव्या परत आल्या. सगुणानं खुंटीवरचं दावं काढून माळ्यावर टाकून दिलं आणि त्या दिवशी हैबती चार भाकरी जास्त जेवला.

चावडीवर ठरलं, की दसऱ्याला बी झडेल, तेव्हा माळ मोकळा करायचा आणि पहिला घास हरणीला द्यायचा. हैबतीला मात्र कुणी सांगितलं नाही. त्याला काही सांगितलं की काय होतं, हे गाव एव्हाना शिकलं होतं. सोनाक्कानं तेवढं एकच बजावलं, "बी झडंस्तवर गवताला कुणाचं बी तोंड लागू द्यायचं न्हाई. ज्येची नजर गवतावर हाय त्ये जनावर पार लांब न्यून सोड. मग त्ये कुणाचं बी असंना."

शेवटची गाठ पडली.

हैबतीनं डोळ्यात तेल घालून राखण केली. शेजारची गाढवं तीन कोस लांब नेऊन सोडली. एक नाकतोडा उपरण्यात धरून ओढ्यापलीकडं पोचवून आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो घरी ओट्यावर बसला होता. माळाकडून वारा आला. गोठ्यात हरणीनं मान वर केली, नाक फुगवलं, जीभ फिरवली आणि माळाकडं तोंड करून जी हंबरली, ती थांबेचना.

हैबतीचा हात उपरण्याकडं गेला. गाठ घट्ट होती. इतक्या जनावरांवर लक्ष ठेवलं, पण गवताकडं अशा नजरेनं एकानंही बघितलं नव्हतं.

दसऱ्याला दुपारी सगळं गाव ओलमाळावर जमलं. हलगी होती, आपट्याची पानं होती. सगुणानं हरणीसाठी झेंडूचा हार ओवला होता. पण गोठ्यात हरणी नव्हती आणि घरात हैबती नव्हता. सगुणा इकडं शोधतेय, तिकडं शोधतेय. ऊन कलल्यावर लांबून हैबती येताना दिसला. गुडघ्यापर्यंत धूळ, डोळे रडून सुजलेले, खांद्यावर नुसतं नवं दावं.

"अवो, हरणी कुठाय?" सगुणानं विचारलं.

"तुझ्या भावाकडं, दिनकरकडं सोडून आलो. पाटंच न्हेली."

हलगी थांबली. सोनाक्का काठी टेकत पुढं आली. "हैबत्या, हे एवढं गवत राखलंस कुणासाठी?"

"हरणीसाठी, आक्का."

"मग हरणीलाच का धाडलीस?"

"हितं ऱ्हायली असती तर खाल्लं असतं न्हवं तिनं."

गवत वाऱ्यावर डुलत होतं. सगुणा हातातल्या हाराकडं बघत राहिली. मग तिनं शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "आता तिला परत आणणार कधी?"

हैबतीनं माळाकडं बघितलं, बोटं मोजली, आणि तिची समजूत काढत म्हणाला, "रडू नगंस. गवत सपलं, की लगीच आणतो."