नगराध्यक्षांचं तीर्थप्राशन

गावात कावीळ पाहुणी म्हणून आली आणि घरोघरी मुक्कामालाच राहिली, तेव्हा नगराध्यक्ष भानुदासराव ढमढेरे यांना एकच उपाय सुचला. नव्या नळयोजनेचं जलपूजन करायचं.

मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या डॉ. वत्सला नेरलेकरांनी पेपरात लिहिलं होतं, की नळाचा पाइप आणि गटार एकाच चरातून गेले आहेत. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करता यावा म्हणून भानुदासरावांनी त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं.

"मॅडम, राजकारण आमच्यावर सोडा, तुम्ही वर्गात शिकवा," ते माइकवरून म्हणाले. "आमच्या नळाला अमृत येतं."

गुरुजींनी त्या अमृताचा कलश पुजला, आरती झाली. भानुदासराव निघणार, तोच वत्सलाबाई उठल्या.

"साहेब, तीर्थाशिवाय पूजा पुरी होत नाही. आधी यजमानांनी घ्यायचं, मग आम्ही."

गुरुजींना यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांनी साहेबांच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. सगळं गाव बघत होतं. हात ओठांपर्यंत गेला, तिथे थबकला आणि मोठ्या भक्तिभावाने डोक्यावरून फिरला.

वत्सलाबाईंनी शांतपणे माइक घेतला. "मंडळी, मी सांगितलं तर ते राजकारण होतं. आता साहेबांनीच करून दाखवलंय. हे औषध फक्त बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी चर उकरायला माणसं आली. भानुदासरावांनी कुदळीचंही पूजन केलं. तीर्थ मात्र ठेवलं नव्हतं.