दाराच्या आतले नाव

पूर्वी मिथिला नगरीत वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका नेत्रवैद्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांच्या हाताला गुण होता, तरी काही रोगी आले तसेच चाचपडत परत जात. अशांसाठी नवी औषधे शोधणारी नेत्रशाळा उभारावी, म्हणून ते सोणदत्त नावाच्या धनाढ्य कापडव्यापाऱ्याकडे दान मागायला गेले.

सोणदत्ताने नेत्रशाळेचा आराखडा हातात घेतला, निरखल्यासारखे केले आणि म्हणाला, "वा, सुरेख! दारावर माझे नाव सोन्याने लिहा, हवे ते देतो."

आराखडा त्याने उलटा धरला होता.

भोवतीची माणसे गेल्यावर बोधिसत्त्वांनी हळूच विचारले, "श्रेष्ठी, दिसेनासे होऊन किती दिवस झाले?"

सोणदत्ताचा चेहरा उतरला. आंधळ्याकडून कापड कोण घेणार, या धास्तीने त्याने बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. "वैद्यराज, माझे एवढे डोळे बरे करा. एक सोडून चार नेत्रशाळा बांधून देतो."

बोधिसत्त्वांनी त्याचे डोळे उजेडात तपासले. नुसते ‘बरे करतो’ म्हटले असते, तर शाळा उभी राहिली असती. तसे मनात आलेही. पण ते म्हणाले, "या रोगावर औषध आज तरी कोणालाच ठाऊक नाही."

"मग निघा!" सोणदत्त ओरडला. बोधिसत्त्व रित्या हाताने परतले.

पुढे वर्षभर ‘बरे करतो’ म्हणणारे वैद्य येत राहिले आणि बिदागी घेऊन पसार होत राहिले. गरजवंताला अक्कल नसते, हे भोंदूंना बरोबर ठाऊक असते. अखेर सोणदत्त बायकोचा हात धरून बोधिसत्त्वांच्या दारी आला.

"वैद्यराज, दान घ्या."

"श्रेष्ठी, औषध अजून सापडलेले नाही."

"म्हणूनच घ्या. माझ्यामागून येणाऱ्यांना तरी मिळू दे."

"आणि नाव?"

सोणदत्त हसला. "दाराच्या आतल्या बाजूला कोरा. येणाऱ्याला कुठले दिसायला! जाताना ज्याला दिसेल त्याने वाचावे."

नेत्रशाळा उभी राहिली. सोणदत्त रोज दाराशी येऊन बसे आणि कोण नाव वाचते ते ऐके. बऱ्याच वर्षांनी, त्याच्याच रोगाने आंधळी झालेली एक विणकरीण बाहेर पडताना थबकली आणि अक्षर लावत लावत म्हणाली, "सो... ण... दत्त." म्हातारा ढसाढसा रडला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो सोणदत्त म्हणजे आपल्या विहाराचे अंगण झाडणारा आंधळा सुमंगल. ती विणकरीण म्हणजे त्याचा हात धरून त्याला भिक्षेला नेणारी उपासिका. वैद्य मीच होतो. दान हातचे गेले, तरी मी खोटी आशा विकली नाही. हीच सत्यपारमिता."