शंभर वर्षांची सावली

एक होतं गाव आणि गावाबाहेर होतं ऊन. नुसतं ऊन! तिथंच इवलीशी झुंबर आणि तिची आई ताक विकायला बसत. झाड नाही, आडोसा नाही. आईला सारखी घेरी यायची आणि झुंबर तिला वारा घालत बसायची.

एके दुपारी मडक्याच्या काठावर एक चिमुकली परी येऊन टेकली. पंख मोरपिशी, झगा गुलबक्षी आणि घसा कोरडा. झुंबरने आपल्या वाटणीचं ताक तिला दिलं. परीला पांढऱ्याशुभ्र मिश्या आल्या.

"गुणाची गं माझी बाय! माग काय हवं ते."

"आईच्या डोक्यावर सावली."

"अगंबाई! दाट सावलीला शंभर वर्षं लागतात." परीने डोकं खाजवलं. "मग तूच जा तेवढी वर्षं मागे. पण तिथून काही आणायचं नाही आणि माझी जांभई संपली की परत!"

परीने 'आऽऽ' केलं. निळ्यासोनेरी चांदण्या उडाल्या.

जागा तीच, पण शेजारी राजाची हिरवीगार बाग! हवेतून पोरगी टपकलेली पाहून सगळे माळी धूम पळाले. म्हातारे गोंदाजी तेवढे राहिले, कारण त्यांच्या टाचेत काटा रुतला होता.

"भूतबाई, माझं मांस फार चिवट आहे हो!"

"भुतांचे पाय उलटे असतात ना, आजोबा? माझे बघा."

गोंदाजींनी एकच डोळा उघडला. पाय सरळ होते. झुंबरने बाभळीच्या काट्याने त्यांचा काटा अलगद काढला. खूश होऊन त्यांनी केशरी आंबे पुढे केले. झुंबरच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तिने हात मागे घेतले आणि आपला खेळायचा चिंचोका काढला.

"हा इथंच लावाल? पाणी घालाल? माझी आई इथं बसणार आहे."

"कधी?"

"शंभर वर्षांनी."

गोंदाजींनी तिचे पाय पुन्हा एकदा पाहिले. "घालीन हो, लेकी," ते म्हणाले, आणि जांभई संपली.

झुंबर परतली तो काय! डोक्यावर चिंचेचं अवाढव्य झाड, खाली गारेगार सावली आणि ताकाला हीऽ गर्दी.

"कुठं होतीस गं? माणसं खोळंबलीत!" आई हसत ओरडली. तिच्या लेखी झाड जन्मापासून तिथंच होतं.

बुंध्यापाशी दगडात दोन इवली पावलं कोरलेली होती.

"आई, ही कुणाची?"

"एका गुणी पोरीची म्हणे. जुन्या माळ्याने कोरून घेतली आणि येईल-जाईल त्याला बजावून गेला, नीट बघा, सरळ आहेत!"

झुंबरने हळूच आपले पाय त्यांवर ठेवले. अगदी बरोब्बर बसले. फांदीवरची परी खुदकन हसली आणि पानांतून झिरपणाऱ्या सोनेरी उजेडात विरून गेली. मिश्या पुसायच्या मात्र राहूनच गेल्या.