जपानी माणसाचे बोट

एकदा एक बसमालक जपानला जाऊन आला, आणि परतल्यावर त्याच्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलणे अशक्य होऊन बसले. त्याचे नाव यशोधन. पाचगणीला त्याच्या प्रवासी बसगाड्यांचा तळ होता. मनाने अगदी निर्मळ माणूस. पण एखादी गोष्ट आवडली की तिच्यात गळ्यापर्यंत बुडायचे, हा त्याचा जन्मजात स्वभाव. घरात शिरताना तिथले लोक पायताण बाहेर काढतात हे पाहून त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या आईने हीच गोष्ट त्याला लहानपणापासून ओरडून ओरडून सांगितली होती, पण ती काही त्याच्या कानांत शिरली नव्हती. आई जपानी नव्हती ना!

परतल्यावर महिनाभरात त्याने आपल्या सगळ्या बसगाड्यांत एक नवे यंत्र बसवले. चालकासमोर एक छोटा कॅमेरा. चालकाची नजर रस्त्यावरून हलली, पापणी जड झाली, मान खाली गेली, की यंत्र कर्कश ओरडते आणि तळावर यशोधनच्या मोबाइलवर खबर देते. हेतू उत्तम होता. घाटातला रस्ता, गाडीत पन्नास जीव. डोळा लागायला कितीसा वेळ लागतो? परंतु चालक बिथरले. आमच्यावर ही पाळत कशाला, आम्ही काय चोर आहोत, असे ते म्हणू लागले. आणि अशातच हिंदुरावमामांचे प्रकरण घडले.

हिंदुरावमामा तळावरचे सर्वांत जुने चालक. यशोधनच्या वडिलांच्या वेळचे. यशोधनला स्टिअरिंग धरायला शिकवले ते त्यांनीच. घाटाच्या एका वळणावर एक छोटेसे देऊळ आहे. तिथून जाताना चालत्या गाडीतच एक हात छातीला लावायचा, डोळे मिटायचे आणि मान लववायची, हा या घाटातल्या चालकांचा जुना रिवाज. मामांनी नेहमीप्रमाणे मान लववली आणि यंत्राने ते झोपले असे ठरवून बोंब ठोकली. मागे बसलेले प्रवासी घाबरून किंचाळले. तळावर पोचल्यावर यशोधनने मामांना चारचौघांत सुनावले, “मामा, जपानमध्ये चालक असं करत नाही! त्यांचं चित्त कसं, दिव्याच्या ज्योतीसारखं स्थिर! ते रक्तातच असतं त्यांच्या. आपल्या लोकांना यंत्राशिवाय गत्यंतर नाही.”

मामांनी खिशातून बसची चावी काढली. मग म्हणाले, “देवाला मान लववली तर हे डबडं मला झोपाळू म्हनतंय. आन् तुमीबी तेच म्हनताय. आज दुपारपातूर हे डबडं काढा, न्हाईतर चावी घ्या.” बाकीचे चालकही त्यांच्यामागे उभे राहिले.

यशोधन तडक गाडी काढून वाईला अप्पांकडे आला. अप्पा पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवत असत. शाळेच्या सुट्ट्यांत यशोधन त्यांच्यापाशी तर्काचे धडे गिरवायला बसे. आता अप्पा खूप थकले होते, पण सगळा घाट त्यांना मानत असे. अप्पांनी दोन शब्द सांगितले तर चालक ऐकतील, मामा राहतील, या आशेने तो आला होता. मामा जाणार ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती, हे मात्र त्याने अप्पांना सांगितले नाही. तळावर कोण काय बोलले ते त्याने सांगितले, आणि मग जपानबद्दल.

“येतो,” अप्पा म्हणाले. “वाटेत सांग मला त्या देशाचं.”

यशोधनची कळी खुलली. गाडी नवी कोरी होती, आणि तिच्यातही चालकाकडे बघणारा तसाच डोळा होता. पसरणीचा घाट सुरू झाला आणि यशोधनचे वर्णनही सुरू झाले. “अप्पा, तुम्हाला काय सांगू! तिथल्या रेल्वेचा चालक मी काचेतून अगदी जवळून पाहिला. हातात पांढरेशुभ्र मोजे. सिग्नल आला की हा माणूस बोट पुढे करतो, त्या सिग्नलकडे रोखतो आणि मोठ्यानं बोलतो! हिरवा आहे, म्हणून स्वतःशीच बोलतो! दुसरं कुणी ऐकायलासुद्धा नसतं. पाहणाऱ्याला वाटावं, ऋषी मंत्र म्हणतोय. समाधी, अप्पा, ही कर्मातली समाधी!”

बोलताना तो अप्पांकडे वळत होता, हातवारे करत होता. गाडीने टूं टूं केले. समोरच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचे चित्र उमटले.

“काय म्हणतेय ही? चहा विचारतेय का?” अप्पांनी विचारले.

“छे! विश्रांती घ्या म्हणतेय. मूर्ख आहे ती.” यशोधनने पुन्हा जपान सुरू केले. पुन्हा टूं टूं झाले. तिसऱ्यांदा झाले तेव्हा त्याचा संयम सुटला. “मला काय झोपाळू समजते काय ही!” असे म्हणून त्याने खिशातला रुमाल काढला आणि त्या डोळ्यावर टाकला. गाडी गप्प झाली.

 अप्पांनी शालीतून उजवा हात बाहेर काढला, बोट काचेकडे रोखले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “डावं वळण! समोर रिकामं!”

यशोधन दचकलाच. “काय झालं अप्पा?”

“काही नाही. तू सांग.”

पुढच्या वळणाला पुन्हा तेच. “उजवं वळण! कडेला माकड!” खिडकी उघडी होती; कठड्यावर फोटो काढत बसलेली तरुण मंडळी वळून वळून बघू लागली आणि हसली. यशोधनला आधी गंमत वाटली, मग लाज वाटली आणि शेवटी रागही आला. पण गुरूला बोलणार कसे? त्याने आवाज चढवला आणि जपानी चहापानाच्या विधीकडे मोर्चा वळवला. वाडगा दोन्ही हातांनी कसा धरतात, तो कसा फिरवतात, हे दाखवण्यासाठी त्याने क्षणभर, अगदी क्षणभरच, दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले.

“एसटी!” अप्पा गरजले. बोट समोर होते.

यशोधनने पाहिले. वळणातून लाल बस अर्धी बाहेर आली होती आणि त्याची गाडी रस्त्याच्या मधोमध होती. ब्रेकवर पाय आपटला गेला. चाके करकचून घासली, गाडी डोंगराच्या बाजूला गटाराशी जाऊन थांबली. एसटीवाल्याने जाता जाता त्याच्या खानदानाचा उद्धार केला आणि तो निघून गेला.

  आपल्यामुळे अप्पांचे काय झाले असते, या विचाराने यशोधनला दरदरून घाम फुटला.

“अप्पा, लागलं नाही ना?”

“नाही.”

त्याने इंजिन बंद केले. मग त्याने हळूच विचारले, “तुम्ही मघापासून ते बोट का दाखवत होता?”

“तूच सांगितलंस ना, तो चालक असं करतो म्हणून. करून पाहिलं.”

“पण ते… ते त्यांच्या रक्तात असतं.”

आता अप्पा त्याच्याकडे वळले. “अरे, ज्याचं चित्त ज्योतीसारखं स्थिर आहे, तो बोट कशाला दाखवील? तो नुसता बघेल आणि पुढे जाईल. त्या चालकाने बोट उचललं, कारण त्याला पक्कं ठाऊक आहे की डोळे उघडे असतानाही माणसाला दिसेनासं होतं. मन निसटतं. म्हणून त्याने हाताला कामाला लावलं आणि वाणीला साक्षीला उभं केलं. तुला तिथे समाधी दिसली. मला विचारशील तर ती भीती आहे. शहाणी भीती. तिथेही माणसं थकतात, पेंगतात, घरी भांडून कामावर येतात. म्हणूनच तिथे ते बोट लागतं. त्या लोकांना तू देव्हाऱ्यात बसवलंस, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखी जी एकच गोष्ट होती, तिलाच हळदकुंकू वाहून मोकळा झालास.”

यशोधन खाली मान घालून ऐकत होता.

“आणि हा तुझा डोळा,” अप्पांनी रुमालाकडे पाहिले, “तेही बोटच आहे. चांगलं आहे. पण तो माणूस बोट उचलतो ते स्वतःच्या मनाला धाक म्हणून. तू ते हिंदुरावावर उगारलंस, आणि तुझ्याकडे वळलं तेव्हा झाकून टाकलंस. मघाशी तू जे बोललास ना, झोपाळू समजते काय म्हणून, ते आज आणखी कोण बोललं होतं?”

यशोधनने चटकन वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आधी शरम आली, आणि मग, खरे सांगायचे तर, एक विलक्षण आनंद आला. गणित सुटल्यावर मुलाला होतो तसा. “अप्पा!” तो जवळजवळ ओरडलाच. “म्हणजे मामा आणि मी… आम्ही दोघंही तेच बोललो!” त्याने रुमाल ओढून काढला, गाडी सुरू केली आणि उरलेला घाट नजर समोर ठेवून चढला. प्रत्येक वळणाला बोट आता त्याचे होते. आवाजही त्याचाच. “डावं वळण! समोर टेम्पो!” त्याला इतका हुरूप आला होता की सरळ रस्त्यावरही तो ओरडत सुटला, आणि अप्पांना हसू आवरेना.

तळावर चालक घोळका करून उभे होते. हिंदुरावमामा आपल्या बसच्या पायरीवर चावी घेऊन बसले होते. अप्पा आले हे पाहून सगळे सावरले. आता उपदेश होणार हे त्यांनी ताडले. पण अप्पांनी एक खुर्ची मागवली, चहा मागवला आणि ते स्वस्थ बसले. बोलावे लागले ते यशोधनलाच.

“मामा,” तो म्हणाला, “मघाशी घाटात मी एसटीखाली जाणार होतो. अप्पांना घेऊन. झोप आली नव्हती, बडबडत होतो. गाडी तीनदा ओरडली आणि मी तिचं तोंड बांधलं. चारचौघांत तुमचा अपमान केला, तो माझा मूर्खपणा. चारचौघांतच माफी मागतो. ते यंत्र असू द्या. पण ते मला सांगणार नाही, दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही, फक्त चालवणाऱ्याला सांगेल. तुमच्या गाडीत तुम्हाला, माझ्या गाडीत मला.”

 मामा त्याच्याकडे रोखून पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूसही नव्हता. होती ती निव्वळ धास्ती.

“अप्पास्नी घिऊन?” ते म्हणाले. “धाकले शेठ, लागलं न्हाई ना कुठं?”

“नाही मामा.”

मामांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. मग ते कुणाकडेही न बघता म्हणाले, “देवापाशी डोळं मिटायचं खरं तर माजंबी चुकतंच. मागं पन्नास मानसं असत्यात. हितनं फुडं गाडी हुबी करीन आन् मग हात जोडीन.” दोन चालकांनी माना डोलावल्या. एकाने विचारले, मग घाटात मागे रांग लागेल त्याचे काय, आणि त्यावरून तिथेच मोठा वाद जुंपला. तो ऐकताना यशोधनला भरून आले. माणसे राहण्याचे बोलत होती, जाण्याचे नव्हे.

अप्पांचा चहा संपला. यशोधनने लगबगीने आपल्या गाडीचे दार उघडले, तेवढ्यात मामा आडवे आले.

“तुमी मागं बसा,” ते म्हणाले. “अप्पास्नी म्या सोडतो.”

मामा स्टिअरिंगवर बसले. घाट लागल्यावर अप्पांची विचारपूस करायला ते जरासे वळले, आणि गाडीने टूं टूं केले. मामांच्या कपाळावर आठी उमटली. मग त्यांनी मान सरळ केली. “बरं बाई, बगतो फुडं,” ते म्हणाले.

यशोधनच्या मनात जपानच्या अजून कितीतरी गोष्टी नुसत्या उसळ्या मारत होत्या, आणि मामांना त्या सांगायचा त्याला विलक्षण मोह होत होता. पण मामा गाडी चालवत होते. वाई येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.