पायरीवरचा दगड

एकदा एक म्हातारा पारखी बाजाराच्या तोंडाशी दुकान मांडून बसायचा. एकदा म्हणजे कधी, ते विचारू नका. लोकांच्या चिल्लरीत राजाच्या तोंडाचा चांदीचा रुपया अजून चुकूनमाकून निघायचा, तेव्हाची गोष्ट. आता नाही निघत हो, उगाच खिसे चाचपू नका.

म्हाताऱ्याचं काम साधं. लोक डबे, गाडगी, पदराच्या गाठी घेऊन यायचे, चिल्लर ओतायचे, नोटा घेऊन जायचे. मधेच चांदीचं नाणं निघालं तर त्याचा भाव वेगळा. पण राजाच्या तोंडाचे हलके रुपयेही होते, आणि डब्यात राहून राहून सगळेच काळे ठिक्कर. डोळ्यांना कळायचं नाही. म्हणून म्हाताऱ्यापुढं एक गुळगुळीत काळा दगड. नाणं त्यावर टाकायचं. साधं असलं की ठप्प, सासूनं भांडं आपटल्यासारखं. चांदी असली की खण्ण, आणि तो आवाज लगेच उठून जायचा नाही. माहेरी आलेली लेक कशी, जाते जाते म्हणते आणि उंबऱ्यातच घुटमळते, तसा.

हाताखाली एक शिष्य होता. मिसरूड फुटलेला, लग्न ठरलेला. होणाऱ्या बायकोला चांदीचे पैंजण कसे घालावेत, याच विचारात दिवसभर बुडालेला. पण कान मांजराचे! दगड लागायचाच नाही. कुणी नुसता ढीग ओतला तरी म्हणायचा, "बाबा, आत एक आहे."

म्हातारा म्हणायचा, "लेका, कान तुला देवानं दिलेत. अक्कल मी देतोय, तीही फुकट, म्हणून तुला तिची किंमत नाही."

एका बाजारी भर दुपारी धुरपदा नावाची बाई धापा टाकत आली. नवऱ्याचं आतडं पिळलं होतं. तालुक्याला नेऊन पोट कापलं तर वाचेल, असं डॉक्टरनं सांगितलेलं. तिनं सासूचा डबा फळीवर उपडा केला. त्या खडखडाटात खण्ण झालं. एकदाच नाही.

"मामा, जरा बघा हो," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "सासू मरताना बोलली होती, डब्यात चांगलं काय तरी हाय. मोटारवाला दारात उभा हाय, आधी पैसे दे म्हणतो."

म्हातारा माळ ओढत होता. माळ थांबली. पण बोलला नाही. नुसतं शिष्याकडं बघितलं.

शिष्यानं ढीग चिवडला. "नाही वहिनी, सगळी साधीच."

"नीट बघा की, भाऊ."

"बघितलं की! डोक्याला कान लावलेत का भोपळे?"

ती नोटा घेऊन गेली. तेवढ्या पैशांत मोटार काही होईना, म्हणून तिनं बैलगाडी केली. तालुक्याची वेस दिसायच्या आत गाडीतच नवऱ्याचे हातपाय गार पडले.

दिवेलागणीला बातमी बाजारात आली. शिष्याच्या कनवटीला तीन रुपये होते. राजाच्या तोंडाचे, चांदीचे. म्हाताऱ्यानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही.

पुढच्या बाजारी शिष्य दुकान उघडायला आला, तर आतला दगड म्हाताऱ्यानं बाहेर पायरीवर नेऊन बसवलेला. येईल त्याला म्हातारा एक चांदीचं नाणं आधी वाजवून दाखवत होता. "हा आवाज ध्यानात ठेव. आता तुझी नाणी तूच वाजव."

शिष्य चक्रावला. "बाबा, धंदा बसेल आपला! सगळ्यांनाच कळायला लागलं तर आपल्याकडं कोण येईल?"

म्हातारा म्हणाला, "त्या बाईनं डबा उपडा केला, तेव्हा तुला ऐकू आलं. मलाही आलं."

शिष्याचा हात कनवटीवर गेला. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुला जोखत बसलो. गुरू ना मी! म्हटलं, काय करतो बघू. संध्याकाळी कनवटीला धरू आणि जन्माचा धडा देऊ. धडा संध्याकाळचा होता रे. तिला मोटार दुपारी लागत होती. तू चोरी केलीस, मी गुरुपण केलं. मधे माणूस गेला. पारख एकाच्या हातात राहिली ना पोरा, की ती नासते. तुझ्या हातात नासली, माझ्याही. म्हणून दगड बाहेर."

एवढ्यात धुरपदाच आली. कपाळ मोकळं. दहाव्याच्या सामानासाठी घरातली उरलीसुरली चिल्लर मोडायला आली होती. म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. नाणं मात्र वाजवून दाखवलं. तीही पायरीवर बसली आणि आपलं एकेक टाकू लागली. ठप्प. ठप्प. ठप्प. सगळी संपली.

शिष्यानं कनवटीची गाठ सोडली. तीन रुपये तिच्यापुढं ठेवले. "वहिनी, हे तुमच्या डब्यातले," एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

तिनं एक नाणं उचललं. दगडावर टाकलं. खण्ण. आवाज विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. शिष्याला वाटलं, आता शिव्या देईल, तोंडावर थुंकेल. द्यायला हव्या होत्या, थुंकायलाही हवं होतं.

ती म्हणाली, "हा आवाज त्या दिवशीही झाला होता. मी ऐकला होता. मला वाटलं, नाणी अशीच वाजतात."

तिन्ही रुपये पदरात बांधून ती निघून गेली.

म्हातारा पुढं फार जगला नाही. दगड पायरीवरच राहिला, आणि येणाऱ्याला आधी आवाज ऐकवायचं काम शिष्याकडं आलं. पैंजण? नाही झाले ते.

आता चाचपा खिसे हवं तर. पण तुम्हाला ठाऊक असलेलं कुणाला सांगायचं असेल, तर दुपारीच सांगा बाई. संध्याकाळपर्यंत शहाणपण राखून ठेवू नका.